थायरॉइड म्हणजे फक्त वजन वाढणं नव्हे!

मावशीच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा घरात सगळे म्हणाले, "काळजीनं वाळलीय." भूक मात्र सडकून. हातातल्या बशीत कप खुळखुळायचा, पंख्याखालीही घाम, रात्री छातीत धडधड. थायरॉइड कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण आपल्याकडे थायरॉइड म्हणजे अंगावर चरबी चढणं, एवढंच ठाऊक.

हा त्याचा उलटा प्रकार. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते. रिपोर्टमध्ये टीएसएच खाली, टी३-टी४ वर. मुख्य कारण ग्रेव्ह्ज आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

उपचार म्हणजे गोळ्या, रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन. बहुतेकदा सुरुवात कार्बिमाझोलनं होते. ती चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर कृपा करून "व्हायरल असेल" म्हणत घरी बसू नका. गोळी थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्त तपासून घ्या. क्वचितच होतं, पण पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात.

आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर लॅबमध्ये जाण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. नाहीतर आजार नसतानाही रिपोर्टमध्ये दिसतो.