द्राक्ष, सालीसकट

ऑरेंज वाइनमध्ये संत्रे नसते. नागपूरकडच्या मित्रमंडळींत हा शब्द काढला की पहिला प्रश्न हमखास संत्र्याचाच येतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलेले बरे. ही हिरव्या द्राक्षांचीच वाइन. फक्त ती लाल वाइनच्या रीतीने केलेली असते.

फरक सालीचा. द्राक्ष काळे असो वा हिरवे, बहुतेक जातींचा रस जवळजवळ रंगहीनच निघतो. रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध सालीत असतो. पांढरी वाइन करताना द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा काढतात आणि साली बाजूला टाकतात. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात. हिरव्या द्राक्षांच्या साली अशाच काही दिवस, आठवडे, कधी महिने रसात मुरू दिल्या की मधापासून कोऱ्या चहापर्यंतचा कोणता तरी रंग वाइनला चढतो. चहाची उपमा केवळ रंगापुरती नाही. जिभेला कोरड पाडणारी टॅनिन द्रव्ये दोन्हींत जवळच्या नात्यातली आहेत, आणि चहा किती वेळ व कसा उकळला यावर जसे सगळे ठरते तसेच इथेही.

ही रीत जुनी. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणांत वाइन करण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच देशातल्या गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन वसाहतींच्या खापरांत द्राक्षवाइनचे रासायनिक अवशेष मिळाले. ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीत, स्लोव्हेनियाच्या सीमेला टेकलेल्या ओस्लाविया गावात, योश्को ग्राव्हनर आणि स्टांको राडिकोन यांनी १९९० च्या दशकात आधुनिक तंत्राकडे पाठ फिरवून रिबोल्ला द्राक्ष पुन्हा सालींवर मुरवायला सुरुवात केली. ग्राव्हनर यांनी तर पुढे जॉर्जियातून रांजणच आणले. ‘ऑरेंज वाइन’ हे नाव मात्र २००४ मधले, डेव्हिड हार्वी या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने सुचवलेले. जॉर्जियन लोक तिला अंबर म्हणजे तृणमण्याच्या रंगाची वाइन म्हणतात. मला ते नाव अधिक पटते, पण बाजारात आता संत्र्याचेच राज्य आहे.

या गोतावळ्यातल्या काही वाइन्स फार आडदांड असतात. पहिल्याच घोटाला कच्ची सुपारी चघळल्यासारखे तोंड आखडते. म्हणून नवख्याला मी उत्तर इटलीतल्या त्रेंतिनोमधली फोरादोरी घराण्याची ‘फाँतानासांता नोझिओला’ सुचवतो. एलिझाबेत्ता फोरादोरी यांनी १९८४ मध्ये घरची वाइनरी हाती घेतली. त्यांची ख्याती तेरोल्देगो या काळ्या द्राक्षाच्या वाइनसाठी. नोझिओला हे तिथलेच स्थानिक हिरवे द्राक्ष, गंधाने अबोल. त्रेंतो शहराच्या वरच्या टेकडीवर ते पिकते आणि स्पेनमधून आणलेल्या तिनाहा नावाच्या मातीच्या रांजणांत सालींसकट सुमारे आठ महिने राहते.

आठ महिने म्हटल्यावर भयंकर तुरट काहीतरी समोर येईल असे वाटते. प्रत्यक्षात पेल्यात येते ती फिकट सोनेरी, हेझलनट आणि सुकवलेल्या जर्दाळूची आठवण देणारी, शेवटी बेताची तुरट वाइन. हे कसे? चहा खळखळून उकळणे आणि झाकून मुरू देणे यांत जो फरक, तोच इथे आहे. द्राक्षे सतत ढवळली, दाबली, तापवली तर चार दिवसांतही कडवट टॅनिन उतरते. उभ्या, आटोपशीर रांजणात आंबण्याची क्रिया संपली की साली आपोआप खाली बसतात आणि मग कुणी त्यांना त्रास देत नाही. उतरलेले काही टॅनिन पुन्हा साली आणि मेलेल्या यीस्टच्या गाळाला चिकटून वाइनमधून निघून जाते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून जी किंचित हवा मिळते, तिने उरलेल्या टॅनिनची धार बोथट होते. लोणचे घालणाऱ्या घरात हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता अडचणीचा भाग. फोरादोरींची शेती बायोडायनॅमिक आहे. या पद्धतीचे मूळ म्हणजे रुडॉल्फ श्टायनर यांनी जून १९२४ मध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या कोबेरविट्झ या गावी दिलेली आठ व्याख्याने. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढायचे, चिमूटभर पाण्यात घालून तासभर आलटून पालटून दोन्ही दिशांना घुसळायचे आणि शेतावर शिंपडायचे. हेक्टरी साधारण शंभर ग्रॅम. गंमत अशी की श्टायनर यांना मद्य मुळीच मान्य नव्हते. ते आत्मिक उन्नतीच्या आड येते असे त्यांचे मत. त्यांच्या पद्धतीला जगभर मिरवले मात्र वाइनवाल्यांनी!

आपल्याकडे हे ऐकून दोन प्रतिक्रिया येतात. एक, ‘बघा, शेवटी युरोपलाही आपली गायच आठवली.’ दुसरी, ‘निव्वळ भंपकपणा.’ दोन्ही घाईच्या. कॅलिफोर्नियातल्या यूकाया गावाजवळच्या मर्लो द्राक्षांच्या बागेत सहा वर्षे दोन प्रकारचे तुकडे शेजारी शेजारी राखले: दोन्ही सेंद्रिय, पण एकात श्टायनरी सिद्धके वापरलेली. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही. एका हंगामात फळात थोडा फरक दिसला, एवढेच. शिंगातल्या शेणाने वाइन चांगली होते, असे मी यावरून म्हणू शकत नाही. आणि पेल्यातली वाइन आवडली म्हणून शिंगाचा सिद्धांत खरा ठरतो, हे तर त्याहून नाही.

तरीही ऑरेंज वाइनच्या बाबतीत शेती कशी केली याला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आहे, आणि त्याचे कारण पुन्हा साल हेच. फवारा पडतो तो सालीवर. पांढऱ्या वाइनमध्ये साल लगेच दूर होते. इथे ती महिनोन्‌महिने रसात बसते. तोडणीच्या तोंडावर भुरीसाठी मारलेले गंधक सालीवर राहिले तर आंबताना त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि वाइनला नासक्या अंड्याचा वास येतो. साल कुजकी असेल तर ती कूजही आत मुरते. म्हणजे ज्याला अशी वाइन करायची आहे, त्याला वेलीकडे रोज पाहावेच लागते, मग तो चंद्रपंचांग पाळो वा न पाळो. फोरादोरींच्या वाइनचे श्रेय मी या पाहण्याला देतो.

‘बायोडायनॅमिक म्हणजे बिनफवाऱ्याची’ हाही गैरसमज आहे. केवडा आला की तिथेही तांबे लागते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला जितके परिचित, तितकेच त्रेंतिनोतल्यालाही. डेमेटर या प्रमाणन संस्थेने तांब्यावर मर्यादा घातली आहे, बंदी नाही. तांबे जमिनीत साठत जाते, हा या शेतीचा खरा दुखरा भाग आहे आणि त्यावर शिंग काही करत नाही.

बाटली घेताना ‘ऑरेंज’ या शब्दापेक्षा साली किती दिवस ठेवल्या आणि कशात, हे विचारावे. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या व्याख्येत सालींवर मुरवलेल्या पांढऱ्या वाइनसाठी किमान एक महिना सांगितला आहे. तीन दिवसांवालीही दुकानात याच नावाने उभी असते, आणि ती वाईट असते असे नाही. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी, कारण गार असताना गंध दबतो आणि तुरटपणा टोचतो. जेवणात दाण्याचे कूट घातलेली भरली वांगी असतील तर उत्तम. पांढरी वाइन त्या मसाल्यापुढे हरवते, ही हरवत नाही.