नजर रेंगाळली आणि आजार सापडला

१९७१ साली मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि सहकारी स्वामी यांनी ९ कुटुंबांतल्या एका आनुवंशिक आजाराची नोंद प्रसिद्ध केली. चालताना तोल जायचा, बोलणं अडखळायचं. असे आजार आधीही माहीत होते. वेगळे होते ते डोळे. नजर झटकन वळण्याऐवजी रेंगाळत जायची.

१९९६ मध्ये जनुक सापडलं. आजाराचं आजचं नाव एससीए-२. या जनुकात 'सीएजी' ही तीन अक्षरं बहुतेकांत २२ वेळा येतात. ती बरीच वाढली की लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात.

आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. रक्ततपासणीत आधीच कळतं, पण आजार थांबवणारं औषध नाही. म्हणूनच निरोगी लहान मुलांची ही तपासणी सहसा करत नाहीत.