प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही: रोजच्या छोट्या प्रवासासाठी एकदम मस्त, पण एका अटीवर

रात्री फोन चार्जिंगला लावायचा राहिला तर सकाळी काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. प्लग-इन हायब्रिड गाडीचं तसं नसतं. चार्जिंग विसरलात तरी ती सकाळी आरामात सुरू होते, कारण टाकीत पेट्रोल असतं. हीच तिची सगळ्यात मोठी सोय, आणि खरी गोचीही इथेच आहे. कशी, ते बघूया.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या हायरायडर, ग्रँड विटारा किंवा इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांच्या हायब्रिड मॉडेलमध्येही मोटर आणि बॅटरी असते. पण ती बॅटरी खूप लहान असते. इंजिन चालताना आणि ब्रेक दाबताना ती आपोआप चार्ज होते. तिला सॉकेटला जोडायची सोयच नसते.

प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरच्या विजेवर चार्ज करता येते. ती भरलेली असेपर्यंत गाडी जवळपास इलेक्ट्रिक कारसारखी चालते. बॅटरी उतरली की साध्या हायब्रिडसारखी पेट्रोलवर.

उदाहरण म्हणून अमेरिकेत विकली गेलेली टोयोटाची रॅव्ह-४ प्राइम घेऊ. २०२१ च्या या मॉडेलची बॅटरी १८.१ किलोवॅट-अवरची आहे, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत साधारण १८ युनिट. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेच्या चाचणीनुसार फुल चार्जवर ती ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर जाते. शिवाय ५५ लिटरची पेट्रोल टाकी आहेच.

रोजच्या प्रवासाचं गणित

समजा, न्यू जर्सीत राहणारं एक मराठी कुटुंब आहे. मुलांची शाळा, ऑफिस, येताना किराणा असं सगळं धरून त्यांचं रोजचं ४० किलोमीटर होतं. म्हणजे ६८ च्या आतच! तिथल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर ही गाडी फुल चार्ज व्हायला साधारण १२ तास घेते. पण ४० किलोमीटरचीच भरपाई करायची असेल तर सातेक तास पुरतात. रात्री लावली, सकाळी तयार.

आता वर्षाचे २५० दिवस धरू. एकूण १०,००० किलोमीटर.

- रोज चार्ज केली तर: ईपीएच्या आकड्यांनुसार साधारण २,२४० युनिट वीज.
- कधीच चार्ज केली नाही तर: साधारण ६१७ लिटर पेट्रोल.

हिशोब सोपा व्हावा म्हणून वीज १० रुपये युनिट आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरलं, तर एकीकडे २२,४०० रुपये आणि दुसरीकडे ६१,७०० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच. फरक फक्त रात्री वायर लावण्याचा.

चार्ज नाही केली तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही, म्हणूनच लोक आळस करतात. पण मग सुमारे २०० किलो जास्तीचं वजन तुम्ही रोज उगाच वाहून नेता. याच रॅव्ह-४ चं साधं हायब्रिड मॉडेल लिटरला सुमारे १७ किलोमीटर देतं, तर बॅटरी उतरलेलं प्लग-इन मॉडेल सुमारे १६. म्हणजे जास्त पैसे मोजून कमी मायलेज!

आणि हे खरंच घडतं. युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांचा प्रत्यक्ष रस्त्यावरचा डेटा तपासला. त्यात प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण हेच, की लोक गृहीत धरलं होतं तेवढं चार्जिंग करत नाहीत. आयसीसीटी या संस्थेच्या २०२२ च्या युरोपातल्या अभ्यासात, स्वतःच्या गाडीत निम्म्याहून थोडा कमी प्रवास विजेवर झालेला दिसला. कंपनीने दिलेल्या गाड्यांमध्ये तर तो फक्त ११ ते १५ टक्के होता. पेट्रोलचं बिल दुसरा भरत असेल तर वायर कोण लावणार?

छोट्या प्रवासातल्या दोन गोष्टी

पहिली, थंडी. कडाक्याच्या थंडीत रेंज कमी होते. बाहेर साधारण उणे १० अंशांच्या खाली तापमान गेलं आणि हीटर चालू असेल, तर बॅटरी भरलेली असूनही रॅव्ह-४ चं इंजिन सुरू होऊ शकतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत ते नीट गरम व्हायच्या आतच तुम्ही पोहोचलेले असता. इंजिनासाठी हे चांगलं नाही.

दुसरी, पेट्रोल. सगळं विजेवरच चाललं तर टाकीतलं पेट्रोल महिनोनमहिने पडून राहतं आणि त्याचा दर्जा घसरतो. म्हणून टोयोटाच्या प्लग-इन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १२ महिन्यांत किमान २० लिटर नवं पेट्रोल भरायला सांगितलेलं असतं. ऑइल बदलणं आणि सर्व्हिसिंगही चुकत नाही, कारण इंजिन आहे ते आहेच.

मग घ्यायची का?

घरी गाडीविषयी चर्चा सुरू असेल, तर आधी तीन गोष्टी बघा.

१. रोजचं अंतर: दोन आठवडे फोनच्या नोट्समध्ये रोजचे किलोमीटर लिहा. अंदाजावर जाऊ नका.
२. सॉकेट: जिथे गाडी रात्रभर उभी राहते, तिथे वीज आहे का? पुण्या-मुंबईच्या सोसायटीत पार्किंग तळमजल्यावर आणि मीटर भलतीकडे असतो. आधी सोसायटीशी बोला, मग शोरूमला जा.
३. लांबचा प्रवास: वर्षातून दोनदाच गावी जात असाल, तर पूर्ण इलेक्ट्रिक कारही चालू शकते. दर महिन्याला लांब जाणं होत असेल, तर प्लग-इनचं पेट्रोल कामी येतं.

यातला दुसरा मुद्दा जमत नसेल, तर साधी हायब्रिड बरी. ती स्वस्त पडते, हलकी असते आणि तिला रोज वायर लावावी लागत नाही. जमत असेल, तर मात्र फोनसोबत गाडीही चार्जिंगला लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.