जवारीचा दोरा संगणकात

तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिच्या नादातले दुसरा, चौथा, सहावा असे समसंख्येचे उपस्वर गायब व्हायला हवेत. भौतिकशास्त्राचा हा जुना नियम आहे, कारण त्या उपस्वरांचे स्थिर बिंदू नेमके तिथेच येतात. सी. व्ही. रामन यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या तारांवर हे तपासले, तेव्हा नियमाप्रमाणे मुके राहायला हवेत ते उपस्वर चांगले खणखणीत ऐकू आले. १९२१ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. चमत्कार होता तो घोडीचा.

तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित गोलसर असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीवर लपेटते आणि सुटते, त्यामुळे तारेची मोकळी लांबी क्षणोक्षणी बदलत राहते आणि जोर खालच्या उपस्वरांकडून वरच्यांकडे सरकतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवला की तो स्पर्श नेमका जुळतो आणि आवाज उघडतो. हीच जवारी. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी हे कसब दीडशेहून अधिक वर्षे जपले आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

खारघरच्या सदनिकेत पहाटे रियाजाला बसणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर मात्र मिरजेचा कारागीर नसतो. पावसाळ्यात डोंगराकडून येणारी ओल महिनोन्‌महिने हटत नाही, लाकूड फुगते, खुंट्या अडून बसतात, आत्ता लावलेला तंबोरा घटकाभरात उतरतो. म्हणून फोनमधला तंबोरा घरोघर आला. त्यात पट्टी आणि लय बदलता येते, पण जवारीला अनेकदा हातच लावता येत नाही. ज्याला तो लावायचा आहे, त्याने तार स्वतः बांधावी. मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये लोकांपुढे आणलेले ‘प्युअर डेटा’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि रेघांनी एकमेकींना जोडायच्या, एवढीच त्याची रीत. जुळवलेली मांडणी फाइल म्हणून जतन केली, की त्या फाइलचे नाव दुसऱ्या मांडणीतल्या चौकटीत लिहायचे. तुमची मांडणी तिथे एक सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल, बनून येते. नावापुढे लिहिलेले आकडे तिच्या पोटात जाऊन बसतात.

तारेची मूळ युक्ती केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांची, १९८३ मधली. थोडासा खरखराट एका रांगेत भरायचा, रांगेच्या शेवटी येणारा आवाज किंचित मऊ करून पुन्हा सुरुवातीला सोडायचा. एवढ्यावर छेडलेली तार वाजू लागते! काळी एकचा षड्‌ज साधारण १३८.६ हर्ट्‌झचा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर रांगेची लांबी सुमारे ३१८.२ नमुने येते, आणि आवाज मऊ करणाऱ्या फिल्टरला लागणारा उशीर त्यातून वजा करावा लागतो. तो अपूर्णांक सोडून चालत नाही. सोडला तर तार बेसूर होते.

खरा कस यानंतर लागतो. कोणते आकडे वादकाच्या हाती द्यायचे? माझे ठाम मत आहे की बटणांवर गवयाची भाषा हवी आणि गणित पोटात राहायला हवे. गुंज घ्या. आवाज प्रत्येक फेरीत ०.९९५ पट होतो असे ठरवले, तर फिल्टरचा परिणाम बाजूला ठेवून खर्जाची, म्हणजे खालच्या षड्‌जाची, तार सुमारे वीस सेकंदांत विरते आणि जोडाची, म्हणजे मधल्या षड्‌जाची, दहातच, कारण जोडाच्या फेऱ्या दुप्पट वेगाने होतात. म्हणून बटणावर सेकंद लिहावेत आणि गुणक मॉड्यूलने प्रत्येक तारेपुरता स्वतः काढावा. तो गुणक एकाच्या पुढे जाऊ नये याची खबरदारीही आतच घ्यावी, नाहीतर आवाज वाढत वाढत कान फाडतो.

स्वराचेही तसेच. पहिल्या तारेचा मंद्र पंचम पेटीच्या पट्टीक्रमांकावरून काढला तर १०३.८३ हर्ट्‌झ येतो. त्याचा दुसरा उपस्वर २०७.६५, आणि खर्जाचा तिसरा २०७.९. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि साधारण चार-चार सेकंदांनी एक डोल येतो. षड्‌जाला तीन-चतुर्थांशाने गुणले की १०३.९५ मिळतात आणि डोल थांबतो. म्हणून पट्टी एकदाच सांगावी आणि तारांना फक्त गुणोत्तरे द्यावीत: पंचमाला ३/४, जोडाला १, खर्जाला १/२. मग खर्जाचा पाचवा उपस्वर, ३४६.५ हर्ट्‌झचा स्वयंभू गांधार, कुणी न लावता आपोआप उमटतो.

जवारी सगळ्यांत अवघड. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील मार्टेन व्हॅन वालस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तंबोऱ्याचे असे प्रारूप मांडले, ज्यात तार, घोडी आणि दोरा यांचा स्पर्श गणिताने सोडवला जातो, तोही वाजता वाजता. घरच्या मॉड्यूलला इतके झेपत नाही. तिथे तारेचा झोका जितका मोठा, तितकी रांग क्षणभर आखूड करायची आणि किती आखूड करायची ते ‘जवारी’ नावाच्या बटणावर सोपवायचे. ही नक्कल ढोबळ आहे, तरी बटण फिरवताना बंद आवाज हळूहळू उघडताना ऐकू येतो. तो ऐकून अंगावर काटा येतो.

आता अशा चार तारा मांडल्या, की नवशिक्या हमखास एका जागी अडकतो. चारही मॉड्यूलमधल्या रांगांचे नाव एकच असते आणि त्या एकमेकींत मिसळतात. प्युअर डेटामध्ये त्यावर डॉलर-शून्य ही खूण आहे. ती नावाआधी लावली की प्रत्येक प्रतीला आपला वेगळा क्रमांक मिळतो आणि पंचमाचा आवाज खर्जात शिरत नाही. मिरजेचा कारागीरही प्रत्येक तारेखाली वेगळा दोरा सरकवतो. पोलादी जोडाला रुचणारी जवारी पितळी खर्जाला रुचेलच असे नाही. त्यामुळे मॉड्यूल बांधायचे ते तारेचे, अख्ख्या तंबोऱ्याचे नव्हे. मालकंस गायचा झाला, तर पहिल्या तारेपुढचे ३/४ खोडून २/३ लिहायचे. पंचमाचा मध्यम होतो आणि बाकीच्या तीन तारा जशा लागल्या होत्या तशाच वाजत राहतात.