विश्लेषण : शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत एक आकडा चुकला तर काय बिघडतं?

देवळालीचे गणित शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं नाव ६१७४ या संख्येमुळे जगभर पोचलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

या शोधाचा संदर्भ अनेक ठिकाणी असा दिलेला दिसतो : ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’, खंड १५, पानं २४४ ते २४५, वर्ष १९५५.

पण या नियतकालिकाचा १५ वा खंड १९४९ चा आहे. १९५५ साली २१ वा खंड निघाला होता. १५ व्या खंडाच्या २४४ व्या पानावर लेख कापरेकरांचाच आहे, पण त्याचं शीर्षक ‘अनदर सॉलिटेअर गेम’. १९५५ चा लेख वेगळा. कधीतरी कुणाच्या तरी हातून दोन लेखांचे तपशील एकात मिसळले आणि पुढच्यांनी मूळ अंक न उघडता तेच उतरवून घेतलं, असंच यातून दिसतं.

चूक पसरते कशी?

मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास नेमकं हेच तपासलं. भौतिकशास्त्रातल्या १९७३ च्या एका गाजलेल्या निबंधाचा उल्लेख तोवर सुमारे ४,३०० वेळा झाला होता. त्यातल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष चुकलं होतं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर त्या भरल्या फक्त ४५. पानाच्या आकड्याची एकच चूक तर तब्बल ७८ वेळा आली होती. ७८ जणांनी स्वतंत्रपणे अगदी तीच चूक करणं शक्य नाही. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचत असावेत. हा आकडा अंदाजच आहे आणि त्यावर वादही होऊ शकतो. पण नक्कल पकडण्याची युक्ती मात्र शाळेत कॉपी पकडणाऱ्या कोणत्याही बाईंना पटेल अशी आहे.

मग या शैली कशासाठी?

संदर्भ म्हणजे पत्ता. कुणी लिहिलं, कधी, काय, कुठे छापलं आणि कोणत्या पानावर, एवढी माहिती त्यात लागते. ती कोणत्या क्रमाने लिहायची, हे शैली ठरवते.

मजकुरात कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष देण्याच्या पद्धतीला ‘हार्वर्ड’ म्हणतात. तिचं श्रेय हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधाला दिलं जातं. निबंधाचा विषय होता शंख नसलेली गोगलगाय! मानसशास्त्र आणि समाजशास्त्रात चालणारी ‘एपीए’ शैली याच घराण्यातली. ती १९२९ साली अवघ्या सात पानांच्या लेखातून सुरू झाली.

वैद्यकीय नियतकालिकांची वाट वेगळी. १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले. प्रत्येक नियतकालिकाचे नियम वेगळे असल्याने लेखकांना एकच हस्तलिखित पुन्हा पुन्हा टाइप करावं लागत होतं, आणि तेही टाइपरायटरवर. त्या बैठकीतून आलेल्या ‘व्हँकूव्हर’ शैलीत मजकुरात फक्त क्रमांक येतो आणि यादी त्याच क्रमाने लागते.

कापरेकरांचा १९४९ चा लेख व्हँकूव्हरमध्ये साधारण असा दिसेल :

कापरेकर डीआर. अनदर सॉलिटेअर गेम. स्क्रिप्टा मॅथेमॅटिका. १९४९;१५:२४४-५.

आणि एपीएमध्ये असा :

कापरेकर, डी. आर. (१९४९). अनदर सॉलिटेअर गेम. स्क्रिप्टा मॅथेमॅटिका, १५, २४४–२४५.

माहिती तीच, फक्त वर्षाची जागा बदलली. लेखक जास्त असतील तेव्हा फरक वाढतो. व्हँकूव्हरमध्ये सहसा पहिल्या सहा नावांनंतर ‘आणि इतर’ या अर्थाचं ‘एट अल.’ येतं. एपीएच्या सातव्या आवृत्तीत यादीत २० पर्यंत नावं द्यावी लागतात. स्वल्पविराम कुठे, यावरून पीएचडीचे विद्यार्थी रात्री जागवतात, पण खरा धोका तिथे नाही. स्वल्पविराम चुकला तर संपादक सुधारतो. वर्ष चुकलं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

न छापलेल्या लेखाला शेकडो संदर्भ

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण २०१७ मध्ये समोर आलं. नेदरलँड्सचे प्राध्यापक पीटर क्रूनेनबर्ग यांना ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ या लेखाचा संदर्भ सापडला. लेखक व्हॅन डर गीअर आणि इतर, वर्ष २०००. पण तो लेख काही सापडेना. संशोधक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी ही शोधकथा सविस्तर मांडली. तो संदर्भ म्हणजे एल्सेव्हिअर या प्रकाशन संस्थेच्या नमुना फाइलमधली एक ओळ होती. संदर्भ कसा लिहावा, हे दाखवण्यासाठी ती रचलेली होती. तरीही सुमारे ४०० निबंधांच्या यादीत ती जाऊन बसली होती. त्यातले बहुतेक परिषदांमधले निबंध. नमुना फाइलमध्ये आपला मजकूर भरताना ती ओळ खोडायचीच राहिली असणार.

आज हे काम कसं होतं?

झोटेरो, मेंडेली, एंडनोट यांसारखी सॉफ्टवेअर शैली एका क्लिकमध्ये बदलून देतात. झोटेरो तर मोफत आहे, आणि यादीतला निबंध मागे घेतला गेला असेल तर तशी सूचनाही देतं. अनेक नियतकालिकं आता पहिल्या वेळी कोणतीही एकसारखी शैली चालवून घेतात.

पण सॉफ्टवेअर तपशील उचलतं ते डेटाबेसमधून. तिथेच वर्ष चुकीचं असेल, तर चूक सुबक रूपात यादीत येते. म्हणून निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमस्वरूपी डिजिटल क्रमांक, टाकून मूळ पान उघडायचं आणि खंड, वर्ष, पान जुळवून पाहायचं. काही जुन्या लेखांना डीओआय नसतो. तिथे अंक किंवा त्याची स्कॅन प्रतच बघावी लागते.

नावांचा घोळ भारतीयांना जास्त भोवतो. एकच माणूस कुठे ‘कापरेकर डी’ तर कुठे ‘कापरेकर डीआर’ झाला, तर डेटाबेसला ती दोन माणसं वाटू शकतात आणि त्याच्या नावावरचे संदर्भ विभागले जातात. बढतीच्या फायलीत हेच आकडे मोजले जातात. यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ हा १६ अंकी ओळख क्रमांक मोफत मिळतो.

आता त्यात एआय चॅटबॉटची भर पडली आहे. त्यांनी दिलेल्या संदर्भात स्वल्पविराम जागच्या जागी असतात, नियतकालिकाचं नाव खरं असतं, कधीकधी लेखकही खरे असतात. फक्त काही वेळा तो निबंध कुणी लिहिलेलाच नसतो. व्हॅन डर गीअरचा लेख निदान एकच होता.