लॅपटॉपला स्पीकर कोणता जोडावा?

आदिलाबादहून बेल्याच्या वाटेने पैनगंगेकडे जाऊ लागले म्हणजे बेला मंडलातली गावे लागतात. पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा. या पट्ट्यातल्या एका गावच्या मराठी शाळेत गेल्या पावसाळ्यात मी एक दुपार काढली. मास्तरांनी टेबलावर लॅपटॉप मांडून गणिताचा ध्वनिमुद्रित पाठ लावला होता. वरून पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खोलीत तीसेक मुले कान टवकारून बसली होती. पाठातल्या बाईंनी साठ किलो कापसाचे उदाहरण घातले. शेवटच्या ओळीतल्या एका मुलाने पाटीवर सात लिहिले. पुढची सारी आकडेमोड त्याने बिनचूक केली आणि उत्तर अर्थातच चुकले. मास्तरांनी आवाज वाढवला, तो लॅपटॉप पत्र्याच्या डब्यासारखा खरखरू लागला. शाळा सुटल्यावर त्यांनी मला विचारले, "साहेब, याला बाहेरून जोडायचा चांगला स्पीकर कोणता? दोन हजारांच्या वर मात्र आमची उडी नाही."

त्या वेळी घाईत जे सांगता आले नाही, ते आज सविस्तर सांगण्याचा विचार आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की त्या मुलाच्या कानात दोष नव्हता आणि बुद्धीत तर नव्हताच. 'सात' आणि 'साठ' या शब्दांतला भेद 'आ' या स्वरात नसतो, तो शेवटच्या व्यंजनाच्या क्षणभराच्या स्फोटात असतो. स्वरांना जोर असतो, ते दूरवर पोचतात. व्यंजने दुबळी असतात आणि त्यांची ओळख पटवणारा भाग बहुधा सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वरचा असतो. 'स'चा सीत्कार तर चार हजारांच्याही पलीकडे जातो. तारेचा जुना टेलिफोन साधारणपणे 300 ते 3400 कंपनांपर्यंतचाच आवाज वाहून नेई. म्हणून त्यावर नाव सांगताना 'स म्हणजे समईतला स' अशी फोड करावी लागे, हे ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असेल.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. आपण परिचित भाषा ऐकतो तेव्हा निम्मे कानाने आणि निम्मे सवयीने ऐकतो. गळालेले अक्षर मन आपोआप भरून काढते. परंतु जी भाषा घरची नव्हे, तिच्यातली गळती मनाला तितकी भरता येत नाही. गोंगाटात परभाषा ऐकताना मनुष्य अधिक चुकतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. आदिलाबादेत घरी गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणारे मूल शाळेत मराठी वा तेलुगू ऐकते. मराठी घरातले मूल तेलुगूचा तास ऐकते. उर्दू बोलणाऱ्यांची वस्तीही येथे जुनी आहे. 1940 नंतरच्या दशकात मारलावाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी गोंडीतून शिक्षण सुरू झाले, त्यामागे घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतले हेच अंतर होते. पुण्यामुंबईच्या मुलाला जो स्पीकर चालून जाईल, तो आपल्या मुलाला चालेलच असे नाही. त्याला अधिक स्वच्छ आवाज हवा. मोठा आवाज ही निराळी गोष्ट आहे.

घरातल्या वृद्धांचेही असेच असते. वय वाढते तशी उंच कंपने ऐकण्याची शक्ती आधी ओसरते. आजी "आवाज वाढव रे" म्हणते तेव्हा बहुधा तिला शब्द उमगलेले नसतात. आवाज तिच्यापर्यंत पोचलेला असतो.

आता लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर का अपुरे पडतात ते पाहू. त्यांचे पडदे लहान असतात. खालच्या स्वरासाठी हवा पुष्कळ हलवावी लागते. कंपनसंख्या निम्मी केली तर तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी पडद्याला चौपट मागेपुढे जावे लागते. म्हणून डग्ग्याचा घुमारा त्यातून निघत नाही. उंच स्वर त्यांना काढता येतात, परंतु पुष्कळ यंत्रांत त्यांची तोंडे खाली असतात आणि उंच स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. ते टेबलावर आपटतात, गोधडीवर ठेवले तर गोधडीतच जिरतात. त्यात आवाज शेवटपर्यंत वाढवला की पडदा आपली मर्यादा ओलांडून खरखरतो आणि ती खरखर नेमकी व्यंजनांवर बसते.

बाजारात गेल्यावर मात्र ग्राहकाची नजर खोक्यावरच्या आकड्याकडे जाते. 'पीएमपीओ' म्हणून जो हजाराच्या घरातला आकडा छापतात, त्यास कोणतेही ठरलेले माप नाही. तो पाहूच नये. 'आरएमएस' वॅट हा त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा. पण तोही पारखून घ्यावा. साध्या यूएसबी खाचेतून 5 व्होल्ट दाबाने अर्धा अँपिअर प्रवाह मिळतो, म्हणजे अडीच वॅट. नव्या जातीच्या खाचेतून साडेचार. ज्या स्पीकरला वीज केवळ याच खाचेतून मिळते आणि ज्यात बॅटरी नाही, त्याने वीस वॅटचा दावा केला तर उरलेली वीज येते कोठून, हे दुकानदारास विनयाने विचारावे! शिवाय दहा वॅटचे वीस झाले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. याउलट मोकळ्या जागी श्रोत्याचे अंतर निम्मे केले तर चौपट वॅटचे काम होते आणि त्यास पैसा लागत नाही. खोलीत भिंतींमुळे हा लाभ थोडा कमी होतो इतकेच.

आकडे उत्तम असून आवाज निकृष्ट असणे ही आजची तक्रार नव्हे. बंगाली पित्याचे पुत्र अमर बोस यांनी 1956 मध्ये अमेरिकेत विद्यार्थी असताना छापील गुण पाहून एक भारी ध्वनियंत्र विकत घेतले आणि ते ऐकून त्यांची निराशा झाली. त्यातूनच ते या विषयाच्या अभ्यासाकडे वळले आणि 1964 मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

म्हणून खरेदीस जाताना लॅपटॉप बरोबर न्यावा आणि त्यात तीन ध्वनिमुद्रणे असावीत. पहिले, गाण्याची साथ नसलेले साधे भाषण, शक्यतो आपल्या वर्गातल्याच पाठाचे. दुसरे, तबल्याचे. तिसरे, ज्यात टाळ किंवा झांज आहे असे भजन. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला भासतो आणि ही गोष्ट विक्रेत्यांना ठाऊक असते. भाषण ऐकताना डोळे मिटून दुकानाच्या दारापर्यंत मागे जावे. तेथे 'सात' आणि 'साठ' वेगळे ऐकू आले पाहिजेत. तबल्यात चाट स्पष्ट आणि डग्गा गोल हवा. दोन्ही एकमेकांत कालवले तर तो स्पीकर ठेवून द्यावा. टाळ किणकिणला पाहिजे, फिसकारता कामा नये. मग काहीही न लावता आवाजाचा खटका पूर्ण फिरवून कान जवळ न्यावा. घूंघूं ऐकू आली तर ती घरीही येणार. पिन किंचित हलवून पाहावी, डब्यावर बोटाने टिचकी मारावी. भरीव वाजणारा डबा पोकळ वाजणाऱ्यापेक्षा बरा.

दोन लहान स्पीकर आणि तिसरा घुमणारा मोठा डबा असा संच सध्या फार खपतो. लग्नात वा गणपतीत तो शोभतो. शाळेसाठी मी तो घेऊ नये असेच म्हणेन, कारण खालचा दणका वरच्या बारीक आवाजास झाकून टाकतो आणि आपणास तर बारीक आवाजच वाचवायचा आहे. त्याच पैशात घरच्या विजेवर चालणारी साधी जोडी अधिक चांगली मिळते. ज्यांना केसलापूरच्या नागोबा जत्रेतले ढोल आणि पेपरे यांचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे आहे, त्यांनी मोठ्या पडद्याची जोडी पाहावी. परधानांच्या किकरीला मात्र दणका लागतच नाही, तिला मधला स्वर निर्मळ हवा.

बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या स्पीकरची सोय मोठी आहे. वीज गेली तरी तो चालतो. परंतु त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो, पुष्कळदा सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतका. चित्रातले ओठ आणि शब्द जुळत नाहीत आणि नव्या भाषेचे उच्चार शिकणाऱ्याला ओठ दिसणे हा मोठा आधार असतो. म्हणून ज्यात तारही जोडता येते असाच घ्यावा. तार सुटी होणारी असावी, कारण बिघाड बहुधा तारेतच होतो आणि ती बदलता आली तर स्पीकर वाचतो. कंपन्यांची नावे मी मुद्दामच घेत नाही. माल दर वर्षी बदलतो. पावती मात्र घ्यावी, आणि दुरुस्ती आदिलाबादेतच होते की वस्तू हैदराबादेस किंवा नागपुरास पाठवावी लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आणल्यावर स्पीकर जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवू नयेत. कोपऱ्यात घुमारा वाढतो. मुलांच्या कानांच्या उंचीवर, तोंडे वर्गाकडे करून, भिंतीपासून हातभर पुढे ठेवावेत. शक्य असल्यास एक स्पीकर वर्गाच्या मध्यापर्यंत न्यावा. लांब तारेस फार खर्च येत नाही. आणि पाऊस पत्र्यावर वाजत असेल त्या दिवशी मास्तरांनी एकदा शेवटच्या ओळीत बसून सगळा पाठ स्वतः ऐकावा.