दिवे लावा... थेट नाकावर!

अष्टविनायकांपैकी कोणता बाप्पा विजेच्या बल्बविना राहतो असं म्हणतात, माहीत आहे का? आपला जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा गिरिजात्मज! लेण्यात बसलेला हा एकमेव विनायक. लेणं क्रमांक सात, तोंड दक्षिणेला, पन्नास फुटांहून लांब-रुंद सभामंडप आणि मधे खांब एकही नाही. दिवसभर सूर्याचाच उजेड पुरतो म्हणतात. लाइट बिल? शून्य!

आता जुन्नरहून थेट बेल्जियम. लिएज विद्यापीठातल्या संशोधनातून तिथे ‘ल्युमिनेट’ नावाचा चष्मा निघाला. नंबर-बिंबर काही नाही. वरच्या पट्टीतले एलईडी डोळ्यांत निळसर-पांढरा उजेड सोडतात. सकाळी वीस-तीस मिनिटं चढवा आणि खुशाल पोळ्या लाटा. नंबरचा चष्मा असेल तर हा त्याच्यावरून बसतो. चष्म्यावर चष्मा, डबल रोल!

हा खटाटोप कशासाठी? हिवाळ्यात ऊन आटलं की अनेकांचा मूडही आटतो. जोहान्सबर्गच्या उन्हातून अमेरिकेच्या थंडीत गेलेल्या डॉ. नॉर्मन रोझेन्थल यांना हे स्वतःलाच जाणवलं. 1984 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या आजाराचं वर्णन छापलं. ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडा: सॅड! बारसं करावं तर असं.

त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे 10,000 लक्सचा दिवा. रोज सकाळी अर्धा तास, साधारण दीड-दोन फुटांवर, जागचं न हलता. सकाळच्या घाईत हे जमणार कुणाला? म्हणून चष्मा. दिवा डोळ्याला जवळजवळ टेकलेलाच, त्यामुळे त्याचं काम 500 ते 1500 लक्समध्ये भागतं, असं कंपनी सांगते.

बेडकाचा यात काय संबंध, माहीत आहे का? मेंदूला ‘सकाळ झाली’ कळवणारं मेलानॉप्सिन हे प्रथिन 1998 मध्ये सापडलं ते आफ्रिकन बेडकाच्या कातडीत! मग ते आपल्या डोळ्याच्या पडद्यातही निघालं. त्याची आवड निळी, साधारण 480 नॅनोमीटर. ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स विद्यापीठातून आलेला ‘रि-टायमर’ चष्मा मात्र निळसर हिरवा उजेड फेकतो. पसंद अपनी अपनी!

आणि जरा ब्रेक. 1993 मध्ये डोक्यावर घालायच्या दिव्याच्या टोपीची चाचणी झाली. मंद दिवेवाले आणि लख्ख दिवेवाले, दोघांनाही जवळपास सारखाच फायदा! मग गुण उजेडाचा की उमेदीचा? टेबलावरच्या दिव्यामागे पुरावा भक्कम आहे. चष्म्याने अजून तेवढे ‘दिवे लावलेले’ नाहीत. आमचं मत विचाराल तर जाहिरात वाचताना डोळे उघडे ठेवा. डोळ्यांचा किंवा मूडचा आजार असेल तर आधी डॉक्टर, मग ऑर्डर.

उलटा चष्मा पाहायचाय? कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला ‘पेटीत’ ठेवतात, तिथेही निळाच उजेड. पण बाळाच्या डोळ्यांवर पट्टी! तिथे काम कातडीचं, डोळ्यांना सुट्टी.

कोंबडीचीही गंमत ऐका. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवस सोळा तासांचा करतात. बल्ब चालू, अंडी चालू!

नॉर्वेतल्या र्‍युकान गावाने तर कमालच केली. दरी इतकी खोल की हिवाळ्यात महिनोन्‌महिने चौकात ऊन येत नाही. म्हणून 2013 मध्ये डोंगरावर तीन भलेमोठे आरसे बसवून ऊन खाली वळवलं. गावकरी गॉगल लावून हजर!

आपल्याकडे? जुन्नरचा सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांच्या घरात. लंडनला डिसेंबरात आठही भरत नाहीत, ऑस्लोला सहासुद्धा नाहीत. तिथल्या मराठी घरांत असा चष्मा दिसला तर हसू नका. आणि गोव्यात वास्कोला मुख्यालय असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये आर्क्टिकमधल्या ‘हिमाद्री’ स्थानकावर पहिली हिवाळी मोहीम धाडली ती थेट ध्रुवीय रात्रीत. तिथे सूर्य चक्क रजेवर.

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढताना किती लक्स पडतात, माहीत आहे का? कडक उन्हात लाखाच्या घरात! सावलीत टेकलात तरी दहा हजारांच्या आसपास. दिव्याचा अख्खा डोस, तोही दम लागेपर्यंत. ‘ल्युमिनेट’ चष्म्याची किंमत मात्र दोनशे युरोंच्या आसपास. तोच लावून पायऱ्या चढायची हौस असेल तर एवढंच सांगतो, इथली माकडं प्रसादाची पिशवी सोडत नाहीत. चमकणारा चष्मा सोडतील?